जुडीतला कांदा

लग्न होऊन पुण्याहून भिलाईला, कुरुदमध्ये आले, तेव्हा हिंदी बऱ्यापैकी येत होतं. भाजीबाजारात आपलं काही अडणार नाही, ही खात्री पहिल्याच पावसात वाहून गेली. कांदाभजी करायची होती. घाईत प्याज शब्द आठवेना. "का लेबे नोनी?" असं भाजीवाल्या दाईने विचारलं, तसं मी "कांदा, भजी के लिए" म्हणाले. तिने हिरव्या पानांची भलीमोठी जुडी पिशवीत कोंबली. रताळ्याच्या वेलाचा पाला!

छत्तीसगढीत जमिनीखालचे कंद ते कांदे, त्यात रताळंही आलं. त्याचा पाला ती कांदा भाजी. आपला कांदा म्हणजे गोंदली. संस्कृत 'कंद' आठवला की दाईचंच बरोबर वाटतं. आपण त्या अख्ख्या घराण्यातलं एकच रडवं पोर उचललं आणि घराण्याचं नाव त्यालाच लावून मोकळे झालो.

भाजीचंही तसंच. इथे भाजी म्हणजे पालेभाजीच: लाल भाजी, चेंच भाजी, तिवरा भाजी. वांग्याचं केलंत तर ते साग. आणि वांगं म्हणजे भाटा, टोमॅटो म्हणजे पताल. भेंडीला रमकेलिया म्हणतात. मला वाटलं, रामाच्या बागेतली केळी असावीत. उपासाला मखाणे मागितले, तर लाल भोपळ्याची फोड पुढे आली, कारण इथला मखना तोच. आमच्याकडे भोपळा उपासाला चालतो, म्हणून निभावलं.

दाई म्हणजे आई, हेही उशिरा कळलं. तोवर फोनवर "आमची दाई फार चांगली आहे" असं सांगून बसले होते. पलीकडे आईचा आवाज एकदम हळवा झाला, "कितवा महिना गं?"

पण दोष एकट्या छत्तीसगढीला कशाला द्या? सासूबाई नागपूरच्या. "सांबार संपला," म्हणाल्या, म्हणून मी डाळ भिजत घालून पातेलंभर सांबार केलं. त्यांना हवी होती कोथिंबिरीची जुडी.

2022 साली इथल्या राज्य सरकारने 1 मेच्या कामगार दिनी बोरे-बासी खाण्याचं आवाहन केलं. भिजवलेला शिळा भात! आमच्या घरी तो महाराष्ट्र दिनही, त्यामुळे पुरण शिजत होतं. तरी ताटात आधी बासी आली, शेजारी कांदा भाजी, पतालची चटणी, चिरलेली गोंदली.

"कांदा वाढू?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठला?" मी आणि नवरा एकदम म्हणालो.