ढगांची मोजणी

टाइमलॅप्स या कलेत कलाकाराला काहीच करायचं नसतं, आणि काहीच न करणारा माणूस आमच्या नगर जिल्ह्यात कुणाला सहन होत नाही. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, स्वभाव जुनाच आहे. तुम्ही भर रस्त्यात खड्डा खणत असाल तर कुणी ढुंकूनही बघणार नाही. पण मुठीत मावेल एवढा कॅमेरा तीनपायी स्टँडवर लावून बांधावर नुसते बसून राहा. पहिली मोटारसायकल लगेच थांबते.

"काय पाव्हणं, मोजणी का?"

या प्रश्नामागची धास्ती समजून घ्यायला हवी. सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी आमच्या जिल्ह्यातून झाल्यापासून तीन पायांवर उभी असलेली कुठलीही वस्तू दिसली की माणसं आपला गट नंबर मनात म्हणायला लागतात. मी सांगतो, "नाही हो, ढगांचं शूटिंग चाललंय." त्यावर तो गाडी स्टँडला लावतो. एवढं धडधडीत खोटं बोलणारा सरकारी माणूसच असणार, याबद्दल त्याची आता खात्री पटलेली असते. तो फोन काढतो, पलीकडच्याला म्हणतो, "ये रं लवकर, आले हायेत. ढग मोजतोय म्हणतोय."

दुसरा येतो तो बिबट्या घेऊन. अकोले, संगमनेर, राहुरी या भागातल्या उसात बिबटे मुक्कामाला असतात हे खरंच आहे, आणि वनखातं कॅमेरे लावतं हेही खरं. त्यामुळे "बिबट्या आलाय का इकडं?" हा प्रश्न रास्त आहे. मी "नाही" म्हणतो, तो "दिसला नाय अजून" असं ऐकतो, आणि तासाभरात वस्तीवरची शेळ्या-करडं आत घेतली जातात. तिसऱ्या फळीत कॉलेजची पोरं. त्यांना रील ओळखू येतं. ती विचारतात, "हिरॉइन कधी येणारे?" आणि मग वाट बघत बसतात. माझ्याइतक्या चिकाटीनं त्या बांधावर आजवर कुणी बसलं असेल तर ती हीच पोरं.

या सगळ्यांना मी हिशेब समजावून सांगतो. कॅमेरा दर पाच सेकंदांनी एक फोटो काढतो. तासाला ७२० फोटो. ते सेकंदाला २४ या वेगानं पळवले की तीस सेकंदांची फिल्म. "म्हणजे तासभर बसून अर्धा मिनिट?" एका आजोबांनी विचारलं. मी हो म्हणालो. आजोबा म्हणाले, "तलाठ्याकडं पण एवढंच होतं."

या हिशेबाचा एक फायदा मात्र मला उशिरा कळला. कॅमेऱ्यासमोर मिनिटभर उभं राहून "परवानगी घेतली का?" म्हणणारा माणूस बारा फोटोंत येतो, म्हणजे फिल्ममध्ये अर्धा सेकंद. डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच गेला. दहा मिनिटं हुज्जत घालणाऱ्याला पाच सेकंद मिळतात, आणि त्या पाच सेकंदांत त्याचे हातवारे असे होतात की गावाला वाटतं, गडी बँजोवर नाचतोय. आता भांडायला आलेल्या माणसाला मी नम्रपणे कॅमेऱ्यासमोर उभं करतो.

ढगांचं मात्र वाईट वाटतं. सह्याद्रीला टेकलेल्या घाटघर-रतनवाडीला पाऊस असा कोसळतो की घाटघरला नगरचं चेरापुंजी म्हणतात. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेड-पाथर्डीत टँकरची वाट बघतात. डोंगरानं पश्चिमेलाच पाणी काढून घेतलं की पुढं ढगाच्या अंगात काही उरत नाही, हे भूगोलात शिकलो होतो. टाइमलॅप्समध्ये ते डोळ्यांनी दिसतं. नगर तालुक्यावरचे ढग विनाथांबा एसटीसारखे निघून जातात. फिल्म बघून आमच्या शेजारच्या आप्पांनी विचारलं, "एवढ्या घाईनं कुठं चाललेत हे?"

"बीडकडं."

"तिकडं तरी पडतात का?"

"फारसे नाही."

"मग पळतात कशाला?"

हवामानशास्त्राकडे याचं उत्तर असेल, माझ्याकडे नव्हतं.

आता या छोट्या कॅमेऱ्याविषयी. निक वुडमन नावाच्या लाटांवर स्वार होणाऱ्या अमेरिकन तरुणाला लाटेवर असतानाच स्वतःचे फोटो हवे होते, म्हणून त्यानं मनगटाला बांधायचा कॅमेरा काढला. २००४ मध्ये आलेला तो पहिला गोप्रो चक्क रिळाचा होता. माझा कॅमेरा त्याच्या दूरच्या आणि बऱ्याच स्वस्त भावकीतला. लाटा, बर्फ, विमानातून उडी यांसाठी जन्मलेली ही जात. माझ्या हाती पडली आणि मुळा धरणाकाठच्या दगडावर तासन् तास बसून राहिली. हिची नजर इतकी रुंद की डावीकडची बाभळ आणि उजवीकडचा उकिरडा एकाच वेळी दिसतो. फक्त मान वळवता येत नाही. त्यासाठी मोठी माणसं महागडी यंत्रं घेतात, आणि गरीब माणसं स्वयंपाकघरातला चावीचा टायमर. साठ मिनिटांची चावी दिली की तो तासाभरात सावकाश एक पूर्ण फेरा घेतो, मिनिटाला सहा अंश. त्याच्या डोक्यावर एम-सीलनं नट बसवला की झालं.

टायमर घरचाच होता. तो गेल्याचं ढोकळा कडक झाल्यावर उघडकीला आलं. मी दादासाहेब फाळक्यांना साक्षीला बोलावलं. १९१२ मध्ये इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी पहिलं काय केलं? कुंडीत वाटाणा लावला आणि महिन्याहून जास्त काळ एकेक चित्र टिपत तो वाढताना दाखवला. 'अंकुराची वाढ' हा टाइमलॅप्सच! तो बघूनच भांडवल देणारा माणूस तयार झाला. आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी तर दागिने गहाण ठेवू दिले, त्या फिल्मला भोकं पाडायला शिकल्या, ती धुवायला शिकल्या.

"त्यांच्या यजमानांनी वर्षभरात 'राजा हरिश्चंद्र' काढला," घरातून उत्तर आलं. "तुमचं काय?"

"मी पण हरिश्चंद्रगडावरच निघालोय," मी म्हणालो. हे बोललो आणि अडकलो. जावंच लागलं.

राजूरवरून पाचनई, तिथून वर. या गडावर हरिश्चंद्र आहे, शिखरांत तारामती आहे, रोहिदास आहे. सगळी पात्रं जागच्या जागी उभी, फाळक्यांसारखी तारामतीच्या कामासाठी पुरुष शोधत फिरायची गरज नाही. आम्हाला हवा होता कोकणकडा. पावसाळ्यात सकाळी खालच्या दरीतून ढग वर येतात, सूर्य पाठीशी असतो, आणि नशीब असेल तर धुक्यावर आपल्याच सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं. हेच इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रजानं दख्खनच्या हवामानावरच्या १८३५ सालच्या निबंधात या गडावरच्या अशा गोल इंद्रधनुष्याची नोंद केली आहे. यात प्रत्येकाला फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती वलय दिसतं, शेजाऱ्याच्या नाही. इतकी माणसाच्या स्वभावाला धरून असलेली निसर्गरचना दुसरी नसेल.

कड्याजवळ दगड रचून टायमरवर कॅमेरा बसवला, चावी दिली. आता कॅमेऱ्याची नजर चुकवायची म्हणजे त्याच्या पाठीमागं राहायचं, आणि पाठ तर मिनिटाला सहा अंशांनी सरकते. मीही सरकू लागलो. इथवर ठीक होतं. पण कॅमेऱ्यानं दरीकडून गडाकडं तोंड वळवायला सुरुवात केली तेव्हा ध्यानात आलं की त्याच्या पाठीमागं आता कड्याची धार आहे आणि तिच्यापलीकडं थेट कोकण. कलेसाठी किती मागं सरायचं याला मर्यादा असते. मी बाजूला सरून पालथा पडलो.

नेमकं तेव्हाच दरीत इंद्रवज्र उमटलं. कड्यावर आरडाओरडा झाला, जो तो आपापल्या सावलीला हात करू लागला. कॅमेरा त्या वेळी पोह्यांच्या टपरीकडं एकाग्र होता. तो वळून येईपर्यंत धुकं आणि वज्र दोन्ही विरलं होतं. वर तासाची चावी संपून टायमर असा खणखणीत वाजला की टपरीवरच्या मावशींकडं बघून एक पोरगा म्हणाला, "मावशी, शिजलं बघा!"

फिल्म मात्र घरी आवडली. काही सेकंदांत पोह्यांचं अख्खं पातेलं रिकामं होताना दिसतं, आणि कोपऱ्यात एक पालथा माणूस. "हा कोण पडलाय? बघा तरी कुणीतरी त्याच्याकडं," असं सासूबाई दर वेळी म्हणतात.

तेव्हा मंडळी, गडावर किंवा बांधावर एखादा काळा डबा सावकाश गोल फिरताना दिसला आणि शेजारी कुणी पालथं पडलेलं असलं, तर कृपा करून एकशे आठला फोन करू नका. मोजणीही नाही, बिबट्याही नाही. चौकशी करायचीच असेल तर डब्याच्या मागून या आणि मिनिटाला सहा अंशांनी सरकत विचारा.