निर्बंधांचं मुहूर्तशास्त्र

कोरोनाचे निर्बंध उठवायचे की ठेवायचे, यावर सोलापूर जिल्ह्यात उगाच डोकेफोड झाली. उत्तर एप्रिल २०२१ मध्येच मिळालं होतं. १४ तारखेच्या रात्री आठपासून राज्यभर संचारबंदी. पंढरपूर-मंगळवेढ्यात मात्र १७ ला पोटनिवडणूक, म्हणून तिथे मतदान उरकल्यावर! विषाणूलाही आचारसंहिता लागू होते, हा शोध आपलाच. आदल्या वर्षी आषाढीला माउलींच्या पादुका मोजक्या माणसांसह एसटीने पंढरीला आल्या. बरोबरच आहे, मतदाराकडे मत मागायला जावं लागतं; वारकरी स्वतःच दर्शन मागतो, त्याच्याकडे कोण कशाला जाणार? इकडे सोलापुरात चादरवाल्याने शटर अर्धं ओढून, गिऱ्हाइकाला वाकवून आत घेतलं की दंडाची पावती. बिचाऱ्याने दारावर ‘मतदान केंद्र’ अशी पाटी तरी लावायची!