विनानिविदा कचरा उचलणाऱ्या इसमास

प्रति,
श्री. भंगारवाले (हातगाडीवाले),
विठ्ठलवाडी स्टेशन परिसर.

विषय : मंजुरीशिवाय चालवलेले कचरा वर्गीकरण तातडीने थांबवणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या वर्तनाबद्दल आमच्या सोसायटीत तीव्र नाराजी आहे. आपण रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी लावता, ‘भंगाऽऽर, रद्दीऽऽ, डबा-बाटली’ अशी आरोळी ठोकता आणि सरळ कामाला लागता. ना निविदा, ना प्रकल्प अहवाल, ना सल्लागार. नारळ फुटलेला नाही, फलकावर कुणाचा हसरा फोटो नाही. कचऱ्याचं काम असं होत नसतं, हे आपणांस कुणीतरी वेळीच सांगायला हवं होतं.

परवा आपण फूटपाथवर बसून काय करत होतात, ते आम्ही गॅलरीतून पाहिलं आहे. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं काढून एका गोणीत, बाटल्या दुसऱ्या गोणीत. कारण झाकणाचं प्लास्टिक वेगळं, बाटलीचं वेगळं, आणि एकत्र वितळवलं तर माल बिघडतो. दुधाच्या पिशव्या उलट्या करून झटकल्यात. जुन्या कुकरचं हँडल हातोडीनं उडवलंत आणि जर्मल तेवढं ठेवलंत. बिडाचा तवा पत्र्यात मिसळू दिला नाहीत. आमच्या घरोघरी हिरवा आणि निळा असे दोन डबे आहेत. दोन्हींत एकच मिश्रण असतं. ओला आणि सुका या दोन प्रकारांत जिथे पदवीधर सभासदांचा गोंधळ उडतो, तिथे आपण शाळेचं तोंड न बघता दहा-बारा प्रकार लावायचे, हा आमचा उघड उपमर्द आहे. वर कचऱ्याचे पैसे देता! आमचा कचरा, आणि पैसे आम्हालाच? अशानं नागरिकांना वाईट सवयी लागतात.

आमची पद्धत पाहा. विठ्ठलवाडी स्टेशनच्या एका अंगाला उल्हासनगर महापालिका, दुसऱ्या अंगाला कल्याण-डोंबिवली. पिशवी टाकताना आम्ही हद्द नीट बघून घेतो आणि शक्यतो पलीकडे टाकतो. याला नागरी भान म्हणतात. भाजी आणायला आम्ही रिकाम्या हातानं जातो. मार्च 2018 पासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे हे आम्हाला ठाऊक आहे, पण पिशवी मागतो आम्ही, आणि धाड पडली की दंड भरते टोपलीवाली मावशी. कायद्याची अंमलबजावणी नेमकी कुणावर सोपी जाते, हे आपणांस वेगळं सांगायला नको.

केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांत, कचरावेचक आणि भंगार गोळा करणाऱ्यांना ओळखा, त्यांना व्यवस्थेत सामावून घ्या, असं स्थानिक स्वराज्य संस्थांना बजावलेलं होतं. त्याचा आपण गैरफायदा घेऊ नये. पुण्यात तर नियम येण्याच्याही आधी तो घेतला गेला. 1993 साली तिथल्या कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ काढली, गळ्यात ओळखपत्रं घातली आणि पुढे 2008 मध्ये ‘स्वच्छ’ या आपल्या सहकारी संस्थेमार्फत महापालिकेशी करार करून दारोदार कचरा उचलायला सुरुवात केली. हे लोण इकडे आलं तर आपल्याला ‘ए भंगार’ अशी हाक आम्ही कोणत्या तोंडानं मारायची?

सरकारला आपली आठवण नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. 1 ऑक्टोबर 2021 पासून प्लास्टिकच्या भंगारावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून थेट 18 टक्के केला गेला. कर भरायचा वरच्या व्यापाऱ्यानं. पण तो स्वतःच्या खिशातून थोडाच भरतो? भाव पडत पडत आपल्या गोणीपर्यंत येतो.

आता वालधुनी नदी. अंबरनाथला शके 982 मधलं, म्हणजे इसवी सन 1060 चं शिलाहारकालीन शिवमंदिर हिच्याच काठी आहे. तिथून उल्हासनगर, मग आपला भाग, मग कल्याणची खाडी. वाटेत कारखान्यांनी तिच्यात रसायनं सोडली, जीन्स धुणाऱ्यांनी निळं पाणी सोडलं. त्यावरून प्रकरणं हरित लवादापर्यंत गेली. आम्हीही यथाशक्ती हातभार लावतो. पण पुलावरून खाली पाहिलं तर एक गोष्ट खटकते. वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलच्या ताटल्या, निर्माल्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या, हे सगळं तरंगताना दिसतं. तांब्याची तार, पुठ्ठा, जर्मलचं भांडं शोधून सापडत नाही. ज्याला भाव आहे ते आपल्या गाडीवर, ज्याला नाही ते नदीत! वेफर्सच्या पाकिटाचे प्लास्टिकचे आणि चंदेरी थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सुटत नाहीत, म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही. अशी वेष्टनं परत गोळा करण्याची जबाबदारी ती वापरणाऱ्या कंपन्यांवर आहे, असं नियमांत लिहिलेलं आहे. कंपनीचा माणूस ओरडत आमच्या गल्लीत आल्याचं मात्र अजून कुणी ऐकलेलं नाही.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. रद्दी मोजताना आपला काटा किलोमागे थोडा खातो, हे सगळ्या गृहिणींना माहीत आहे. तांब्यासाठी वायर जाळता तो धूर लहान पोरांच्या नाकात जातो. ही तक्रार मात्र खरी समजावी, त्यात उपरोध नाही.

सबब, आपण गाडी बंद करावी आणि रीतसर निविदेची वाट पाहावी. तोवर आम्ही पुठ्ठा, पत्रा, बाटल्या, सगळं एकाच पिशवीत बांधून पलीकडच्या हद्दीत टाकू.

कळावे,
एक जागरूक सभासद

ता. क. : गाडी बंद करण्याआधी रविवारी एकदा येऊन जावे. माळा उपसला आहे. वायर जाळू नये, सोलून घ्यावी. रद्दी आमच्या काट्यावर मोजू.