कटिंग

चेन्नईत, तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये मी दोन वर्षं काढली. मॅन्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हवेली येते. इथे ती एकट्या पुरुषांची चाळ असते. पार्थसारथीच्या देवळाभोवतीच्या गल्ल्यांत अशा कितीतरी. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांनी विचारलं, "कटिंग?" मी मुंबईकर, लगेच चपला सरकवल्या. पोचलो ते टास्मॅकच्या, म्हणजे सरकारी दारूच्या दुकानाच्या, रांगेत. तिथलं कटिंग म्हणजे क्वार्टरची निम्मी वाटणी, नव्वद मिली. भागीदार अनोळखी असला तरी चालतो.

हे गृहस्थ स्वतःला पिणाऱ्यांत मोजत नसत. "अख्खी क्वार्टर मी आजवर घेतलेली नाही," असं शपथेवर सांगत, आणि ते खरंच होतं. रोज अर्धीच. आठनंतर दुसऱ्या भागीदाराबरोबर आणखी एक अर्धी, पण तो हिशेब वेगळा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे वाचताना मला हटकून ते आठवतात. २०१९-२१च्या फेरीत तमिळनाडूतल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २५.४ टक्के पिणारे म्हणून नोंदले गेले. आपल्या महाराष्ट्रात १३.९. (आपल्याकडे प्यायला परवाना लागतो, तेव्हा लोक जपून बोलत असावेत.) टास्मॅकमधून मात्र २०२३-२४मध्ये सरकारला करापोटी सुमारे ४५ हजार ८०० कोटी रुपये मिळाले. चौघांतल्या एकट्यानेच हा भार उचलला असेल, तर त्याला शाल-श्रीफळ द्यायला हवं. बरं, असे प्रश्न विचारले जातात घरी, जिथे भिंतीपलीकडे आई नाहीतर बायको कान देऊन असते. मॅन्शनमध्ये खरं बोलायची मोकळीक होती, तर तिथे विचारायला कुणी फिरकलं नाही.

अमेरिकेत विल्यम रॅथ्जे नावाच्या पुरातत्त्वज्ञाने १९७३पासून टूसान शहराचा कचराच उपसायला घेतला. लोकांनी तोंडाने कबूल केलेल्या बिअरपेक्षा डब्यांत निघालेली जास्त होती. एवढ्यासाठी पुरातत्त्वज्ञ लागतो, हे ऐकून आमच्या मॅन्शनचा झाडूवाला हसला असता. रविवारी कुठल्या खोलीतून किती बाटल्या निघतात, ते त्याला तोंडपाठ होतं.

निलगिरीत २०२२पासून टास्मॅकची रिकामी बाटली परत केली की दहा रुपये मिळू लागले. पुढच्या वेळी 'किती पिता?' विचारूच नये. 'किती बाटल्या परत केल्या?' विचारावं. आमचे शेजारी एकाही बाटलीचे दहा रुपये सोडणार नाहीत. त्यातले पाच भागीदाराचे, एवढंच सांगायला विसरतील.