पारखी

विक्रोळी पार्कसाईटच्या डोंगरावर, जिथे रिक्षावाला "आता वर चालत जा" म्हणतो त्याच्याही पुढे, अजून घरामागे खुराडी आहेत. चार फळ्या, थोडी जाळी आणि वर निवडणुकीचा जुना फ्लेक्स. त्या फ्लेक्सखाली कोंबड्या पावसात कोरड्या राहतात. नेत्याने पाळलेलं हे एकमेव आश्वासन असावं. या वस्तीत पाणी कधी येणार याच्या खालोखाल विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "ह्या पिल्लांत कोंबड्या किती आणि कोंबडे किती?" उत्तर द्यायला गल्लीगल्लीत एक गृहस्थ तयार असतात. त्यांना आपण पारखी म्हणू.

पारखी साठी ओलांडलेला, कंपनीच्या तपासणी खात्यातून निवृत्त. उभा जन्म माल पास आणि रिजेक्ट करण्यात गेल्यामुळे समोर काहीही आलं की तो आधी उलटं करून बघतो. पिल्लूही. पाय धरून उलटं टांगलेल्या पिल्लाने मान वर उचलली तर कोंबडा, नाही उचलली तर कोंबडी. निकाल पटला नाही तर वहिनींकडून सुईदोरा मागवायचा आणि पिल्लावर लोंबता धरायचा. सुई गोल फिरली तर मादी, सरळ झुलली तर नर. डोंगरावर वारा भरपूर असल्याने विक्रोळीत माद्यांचं प्रमाण चांगलं निघतं.

माद्याच हव्या असतात, हे इथे सांगायला हवं. नातू झाल्यावर आख्ख्या चाळीत पेढे वाटणारी मंडळी खुराड्यापुढे मात्र "मुलगीच होऊ दे" म्हणून हात जोडतात. मुलगी अंडी देते. मुलगा पहाटे चारला आरवतो आणि खालच्या टॉवरमधून तक्रार येते. कोंबड्यांत पिल्लाचं लिंग बापावर नाही, आईच्या बीजावर ठरतं. ही माहिती पारख्याने एकदा भर गल्लीत दिली, तेव्हा सूनबाईंनी सासूबाईंकडे पाहून विचारलं, "आणि माणसांत?" पारख्याला त्याच क्षणी चहाची आठवण झाली.

अंड्यावरूनही तो सांगतो. या बाबतीत त्याची परंपरा थोर आहे. लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते असं इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं. पुढे रोमच्या कोलुमेलाने नेमकं उलटं लिहिलं. आपला पारखी सोमवारी ग्रीक असतो, मंगळवारी रोमन.

खरी पारख असते, पण पिल्लं इथवर पोचण्याआधीच ती होऊन गेलेली असते. 1920च्या दशकात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी एका दिवसाच्या पिल्लाची गुदा हलकेच दाबून आतला बारीकसा उंचवटा पाहून नर-मादी ओळखण्याची रीत बसवली. ती शिकलेली माणसं तासाला शेकडो पिल्लं वेगळी करतात. अंड्यांच्या धंद्यातल्या हॅचऱ्या माद्या ठेवून घेतात. नर अंडी देत नाहीत आणि त्या जातीत अंगावर मांसही धरत नाहीत, म्हणून नकोसे. त्यातलेच काही गुलाबी, हिरवे रंगून स्टेशनबाहेर खोक्यात विकायला येतात. पोरं हट्ट करून घरी आणतात आणि आई पारख्याला बोलावते. खोक्यातल्या पिल्लाबद्दल डोळे मिटून "कोंबडा" म्हटलं तरी बहुतेक वेळा खरं ठरावं. पण पारखी डोळे उघडे ठेवतो, सुई फिरवतो आणि "कोंबडी" म्हणतो.

मग चुकल्यावर काय? पारखी चुकत नाही. त्याने पास केलेली 'कोंबडी' एका पहाटे त्याच्याच खिडकीखाली आरवली. बिघडलेल्या मालाकडे बघावं तसं तिच्याकडे बघत तो शांतपणे म्हणाला, "बदलली." आणि पंचाईत अशी की असं खरंच क्वचित घडतं. कोंबडीचं डावं एकच अंडाशय कामाचं असतं; ते आजाराने निकामी झालं तर तिला मोठा तुरा फुटतो, कधी ती आरवतेही. हा अपवाद पारख्याने कुठल्यातरी पुरवणीत वाचला आणि तेव्हापासून त्याच्या हातून गेलेल्या निम्म्या कोंबड्या याच आजाराने पछाडल्या आहेत.

वरच्या गल्लीत एक मालवणी आजी आहेत. त्या पिल्लाला हात लावत नाहीत. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लांत ज्याचा तुरा आधी वाढून लाल होतो त्याच्याकडे हनुवटी करून म्हणतात, "कोंबो असा तो." तलंगेचा तुरा अंड्यावर येईपर्यंत फिकाच राहतो. तरी शंका राहिलीच तर तीन महिन्यांनी शेपटीच्या मुळाशी पाठीवरची पिसं बघतात. निमुळती, टोकदार, चकाकती असली की नर. गोल टोकाची असली की मादी. आजींना मात्र कोणी विचारायला जात नाही, कारण त्या "थांबा" म्हणतात. पारखी लगेच सांगतो.

तुमच्या घरामागे पिल्लं असतील तर तुम्हीही थांबा आणि पिसं बघा. पारखी आलाच तर चहा जरूर द्या, फक्त सुईदोरा घरात नाही म्हणून सांगा. आणि आषाढ सरत आलेला असेल तर त्याला दारातूनच निरोप द्या. गटारीच्या आठवड्यात त्याला गल्लीतलं प्रत्येक पिल्लू कोंबडाच वाटतं.