टँकरच्या लाटेवर विनातिकीट

टेक्सासमधील गॅल्व्हस्टनच्या उपसागरात वारा पडलेला असला तरी लाटा येतात. त्या तेलाच्या व्यापाराने उठतात. पाण्याचा पसारा मोठा, खोली मात्र सरासरी दोन मीटरच्या आसपास. मधून ह्यूस्टनकडे जाणारा, १९१४ साली मोठ्या जहाजांसाठी खुला झालेला जलमार्ग तेवढा १३ मीटरहून खोल खणलेला आहे. टँकरने बाजूला सारलेले पाणी या खोल वाटेत फारसे नजरेत भरत नाही. कडेच्या उथळावर आले की त्याची चाल मंदावते. दोन मीटर पाण्यात लाटेला ताशी १६ किलोमीटरच्या पुढे जाताच येत नाही. मग ती उंच उठते आणि फुटत फुटत मैलभराहून अधिक धावते.

या लाटेवर कायाकने स्वार व्हायचे, तर तिचा वेग गाठावा लागतो. पाच मीटरची कायाक जीव तोडून वल्हवली तरी ताशी दहा किलोमीटरच्या आसपास अडते. उरलेला वेग टँकरकडून घ्यायचा, तोही त्याच्या नकळत. त्यासाठी आधी टँकर पारखावा लागतो. भरलेला टँकर पाण्यात खोल बसतो आणि जास्त पाणी सारतो. रिकाम्याच्या लाटेत दम नसतो. मोबाइलवर जहाजाचे नाव, वेग आणि बुडालेली खोली दिसते, त्यामुळे एरवी व्यापाराचे पान न उघडणारी माणसेही इथे मालवाहतुकीवर अधिकारवाणीने बोलतात.

जलमार्गात शिरणे हा शुद्ध वेडेपणा. टँकर चटकन थांबत नाही आणि नाळेखालची कायाक वरून दिसत नाही. शिवाय समोरासमोर आलेली दोन जहाजे इथे एकमेकांवर रोखून चालवतात आणि ऐनवेळी बाजूला वळवतात. या रीतीला ‘टेक्सास चिकन’ म्हणतात. तिथे तिसऱ्याची गरज नसते.

लाटेआधी उथळावरचे पाणी ओढले जाते. ही सूचना मिळताच लाटेकडे पाठ करून वल्हवू लागावे. मागची बाजू उचलली गेली की चार जोरकस हात मारायचे. पुढे कायाक सपाट उपसागरात उतारावरून धावू लागते. वल्हे मागे धरून दिशा सांभाळावी. कायाक आडवी झालीच, तर अंग लाटेच्या बाजूला झुकवून वल्ह्याचा आधार घ्यावा. दुसऱ्या बाजूला झुकणाऱ्यास उपसागराचा तळ जवळून पाहायला मिळतो.

लाट विरते तिथून किनाऱ्यावर ठेवलेली गाडी मैलभर मागे असते. उलट दिशेचा भरलेला टँकर लगेच येईलच असे नाही, म्हणून परतीचे अंतर बहुधा वल्हवतच कापावे लागते.