अळणीचा मान

माणदेशात पडशाचा हंगाम ठरलेला असतो. दिवाळी उरकते, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, थंडी आणि धूळ एकदमच नाकात शिरतात आणि गाव शिंकायला लागतं. यात्रेतून कुणी बांगड्या आणतं, कुणी पिपाणी आणतं. पडसं सगळेच आणतात. मग परड्यातल्या एखाद्या कोंबडीचे दिवस भरतात.

गावरान कोंबडी सहजासहजी शिजत नाही. जन्मभर उकिरडे उकरून आणि कुत्र्यांना चुकवून ती घडलेली असते; पातेल्यातही लवकर शरण येत नाही. हळद, मीठ, आलं-लसूण लावून तुकडे थोड्या तेलावर परतायचे, वर झाकण म्हणून ताट ठेवायचं, ताटात पाणी ओतायचं आणि ते तापलं की थोडं थोडं आत सोडायचं. हा वेळ घरातलं कुणी चुलीपासून फार लांब जात नाही. तुकडे शिजले की जो पिवळसर, तेलाचे डोळे तरंगणारा रस तयार होतो, ती अळणी. अजून तिच्यात भाजलेलं कांदा-खोबरं नसतं, येसूर नसतो, चटणी नसते. थोड्याच वेळात ते सगळं पडणार असतं आणि मग त्या कालवणाकडं नुसतं बघितलं तरी कपाळाला घाम सुटतो.

या अळणीच्या वाटपाचा कायदा कडक आहे. पहिला मान आजाऱ्याचा. मग बाळंतीण, लहान पोरं, दात पडलेली म्हातारी माणसं. पितळीत ज्वारीची भाकरी बारीक कुस्करायची, वर अळणी ओतायची आणि निवायच्या आत खायची. धडधाकट माणसानं मागितलीच, तर "तुला काय धाड भरलीया?" एवढं ऐकून गप्प बसायचं. त्यामुळं पातेल्यावर ताट चढलं की घरातल्या बऱ्याच धडधाकट माणसांना खोकला येतो. एरवी दुखणं अंगावर काढणारे आमचे एक काका अशा वेळी कानाला मफलर गुंडाळून चुलीशेजारीच बसलेले असायचे.

हा कडकपणा उगाच आलेला नाही. पावसाच्या सावलीतला हा मुलूख. इथं पाणीही मोजून वापरायचं आणि कोंबडीही. शेत, बैल, घर पुरुषाच्या नावावर असायचं. कोंबड्या आणि त्यांची अंडी बाईची. मीठमिरची, पोरांच्या वह्या-पेन्सिली त्यावर निघायच्या. म्हसवडच्या बायकांची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ साली उभी राहिली. त्याआधी त्यांची बँक परड्यात फिरत होती. अंडी घालणारी कोंबडी कापणं म्हणजे मुदतीआधी ठेव मोडणं. ते कुणासाठी आणि कधी, हे ठरवणारी बाईच पळी धरायची. शिजलेलं कालवण मागाहून पाणी घालून वाढवता येतं, अळणी वाढवता येत नाही. म्हणून ती ज्याला गरज आहे त्याला आधी.

आजाऱ्याला कोंबडीचा रस द्यायचा, या बाबतीत जगभरच्या आज्यांचं एकमत दिसतं. बाराव्या शतकात कैरोत राहणाऱ्या मायमोनिडीस या ज्यू वैद्यानं कोंबडीच्या रसाची शिफारस लिहून ठेवली. १९७८ साली मायामीच्या डॉक्टरांनी गरम चिकन सूप प्यायल्यावर नाकातला शेंबूड किती वेगानं सरकतो, ते चक्क मोजलं. तो जोरात सरकला. २००० साली नेब्रास्काच्या डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी बायकोच्या लिथुआनियातून आलेल्या आजीच्या पद्धतीचं सूप प्रयोगशाळेत नेलं. सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची धावपळ त्यानं मंदावते, असं त्यांना दिसलं. अर्थात हे काचेच्या भांड्यात दिसलं. माणसाचं पडसं त्यानं बरं होतं, असं काही त्यातून सिद्ध झालं नाही. आमच्या आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. आधीच ती डॉक्टरांचं ऐकत नाही.

तिची खरी परीक्षा पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्यानं घेतली. नाक ओढत तो म्हणाला, "आजी, मला चिकन नूडल सूप पाहिजे." कसलं ते, म्हणून तिनं विचारलं. "कोंबडीच्या पाण्यात शेवया." आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्याकडच्या शेवया उन्हाळ्यात करायच्या, खाटेवर वाळवायच्या, डब्यात भरायच्या आणि पाहुणा आला की दुधाबरोबर नाहीतर गुळवणीबरोबर वाढायच्या. "आरं, शेवया काय कोंबडीत घालायच्या असत्यात व्हय?" असं म्हणत ती उठली आणि डबा काढला. नातवाच्या शेंबडापुढं कुठली रीत टिकते?

शेवया तिनं आधी कोरड्याच तांबूस भाजल्या. उकळत्या अळणीत सोडल्या आणि लगेच पातेलं उतरवलं, कारण घरच्या शेवया बारीक, जास्त उकळल्या की त्यांची खीर होते. वर काळी मिरी आणि कोथिंबीर. भाच्यानं वाटी चाटून पुसून परत पुढं केली. मीठ बघायच्या निमित्तानं आईनं पळी तोंडाला लावली आणि बराच वेळ मीठच बघत राहिली.

भाकरी असो की शेवया, अळणीला दोन्ही चालतात. तिला चालत नाही ती घाई. तेव्हा या थंडीत कोंबडी शिजवाल, तर चटणी टाकायच्या आधी दोन वाट्या बाजूला काढून ठेवा. घरात कुणी आजारी नसलं तरी काढा. वास सुटला की कुणीतरी खोकेलच.